‘पीअर रिव्ह्यू’ला मराठीत काय म्हणावं?

नागपुरातल्या एका वैद्यकीय संशोधनपत्रिकेच्या संपादकीय कचेरीत मी काम करते. नव्याने लिहू लागलेल्या निवासी डॉक्टरांसाठी ‘पीअर रिव्ह्यू’वर, म्हणजे लेख छापण्याआधी त्याच विषयातल्या जाणकारांकडून तपासून घेण्याच्या पद्धतीवर, मराठीत माहितीपत्रक करायला घेतलं आणि पहिल्याच ओळीवर अडले. भाषांतराच्या अ‍ॅपने ‘समवयस्क पुनरावलोकन’ असं दिलं. इथे वयाचा काय संबंध? ‘पीअर’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘समान’ अर्थाचा शब्द आहे. पस्तिशीतल्या रक्तविकारतज्ज्ञाने साठीच्या प्राध्यापकांचा लेख तपासणं आमच्याकडे रोजचंच. ‘पुनरावलोकन’ही पटत नाही, कारण बाहेरचा माणूस तो लेख पहिल्यांदाच वाचत असतो.

शब्द सुचवण्याआधी काम कसं चालतं ते सांगते. लेख आला की संपादक आधी स्वतः चाळतात. विषय पत्रिकेत बसतो का, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, औषधाची चाचणी असेल तर ती सीटीआरआय या भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदवली आहे का. बरेच लेख इथूनच परत जातात. उरलेले त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातात. ते आपापलं काम सांभाळून, बहुधा बिनमोबदला, वाचून अभिप्राय देतात: स्वीकारा, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती किंवा नाकारा. ही शिफारस असते, निर्णय संपादकांचा.

एक उदाहरण देते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा एक लेख आला होता. विदर्भात हा आजार बराच, त्यामुळे असे लेख नेहमी येतात. मजकुरातली रुग्णसंख्या आणि तक्त्यातली बेरीज यांत चारचा फरक होता. तो आम्हा कुणालाच दिसला नव्हता, परीक्षकाने धरला. शिवाय त्याने विचारलं, “सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आलेले सगळेच ‘रुग्ण’ म्हणून धरलेत का? या चाचणीने वाहक आणि रुग्ण वेगळे ओळखता येत नाहीत. इलेक्ट्रोफोरेसिस केलं होतं का?” (वाहकात दोष असतो, पण त्याला आजार नसतो. इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या चाचणीने दोघे वेगळे ओळखता येतात.) त्या एका प्रश्नामुळे लेखाचा निष्कर्षच बदलला. असा प्रश्न तेच काम करणाऱ्यालाच सुचतो. म्हणून मराठी शब्दात ‘बरोबरीचा’ ही छटा यायला हवी, असं मला फार वाटतं.

प्रतिसाद १
ताई, ‘समीक्षा’च ठेवा ना. त्यात ‘सम’ आहे, म्हणजे बरोबरीचा अर्थ आपोआप आला.

प्रतिसाद २
नाही हो, तो ‘सम’ वेगळा. समीक्षा म्हणजे सम् + ईक्षा, नीट, पूर्णपणे पाहणं. इथला सम् हा उपसर्ग आहे. ‘समान’ अर्थाच्या ‘सम’ला ईक्षा जोडली तर संधी ‘समेक्षा’ असा झाला असता. परीक्षा म्हणजे परि + ईक्षा, चहूबाजूंनी पाहणं. या कामाला तो अर्थ जास्त जवळचा. अडचण कानाची आहे. ‘समीक्षक’ म्हटलं की कादंबरीवर लिहिणारा आठवतो आणि ‘परीक्षा’ म्हटलं की मार्क. ‘समकक्ष’ला तर शासन निर्णयांनी ‘समकक्ष पदवी’ला बांधून टाकलंय. मग ‘पारख’ कसा वाटतो? तोही ‘परीक्षा’पासूनच आलाय, पण घरात रुळलेला आहे.

प्रतिसाद ३
पारख छान आहे. आमचं दुकान इतवारीच्या सराफ्यात. दुसऱ्याकडचा दागिना आला की आम्ही कसोटीवर घासून कस बघतो. बघणारा सराफच असतो, अधिकारी नसतो. तुमचंही तसंच झालं की.

मूळ लेखिका
दादा, ‘बघणारा सराफच असतो’ हे अगदी मनातलं बोललात. पण एक फरक मला सोडवत नाही. तुमच्या हातात प्रत्यक्ष सोनं असतं. आमच्या परीक्षकासमोर रुग्ण नसतो, बहुतेक वेळा मूळ नोंदीही नसतात, फक्त लिहिलेला वृत्तांत असतो. 2020च्या मे महिन्यात ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत कोविडच्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध दिल्याच्या परिणामांवर लेख आला. तोही या प्रक्रियेतून गेलेला. मूळ आकडेवारी स्वतंत्रपणे तपासू देता येईना, तेव्हा जूनच्या पहिल्याच आठवड्यात लेखकांनी तो मागे घेतला. म्हणून ‘पारखलेला लेख’ म्हणायला मी कचरते. वाचणाऱ्याला ते खऱ्याखोट्याचं प्रमाणपत्र वाटेल. बातम्यांत ‘तज्ज्ञांनी प्रमाणित केलेलं संशोधन’ असं छापतात, ते तर साफ चूक आहे.

सध्या पत्रकात मी असं लिहिलंय: “तुमचा लेख त्याच विषयात काम करणाऱ्या, तुमच्या बरोबरीच्या जाणकारांकडून तपासून घेतला जातो.” मथळ्यात ‘जाणकार-परीक्षण’. कचेरीत बोलताना सगळे ‘रिव्ह्यूला गेलाय’च म्हणणार, त्याला माझी हरकत नाही.

आता ‘डबल ब्लाइंड’. औषधांच्या चाचणीत ‘दुहेरी अंध’ रुळलंय, पण इथे ते बरोबर वाटत नाही. लेखकाला परीक्षकाचं नाव कळत नाही आणि परीक्षकाला लेखकाचं, एवढंच आहे. मी ‘दोन्हीकडची नावं झाकून’ असं लिहिलंय. अर्थात सिकलसेलवर काम करणारी आपल्याकडची माणसं मोजकीच, त्यामुळे नाव झाकूनही लेख कुणाचा हे पुष्कळदा ओळखू येतं. याला कुणाकडे सुटसुटीत शब्द आहे का?

प्रतिसाद २
‘उभयगुप्त’?

मूळ लेखिका
सर, अर्थाने चोख आहे. पण निवासी डॉक्टर रात्रपाळी संपवून हे पत्रक वाचणार. ‘नावं झाकून’च ठेवते.