गारठ्यात गाडीला डबीतलं वॅक्स लावणं खरंच चूक आहे का?

चमकधमक (धागाकर्ता)

परवा भर थंडीत गाडीला वॅक्स चोळत होतो. एक ओळखीचे गृहस्थ थांबले आणि मी पावसात कपडे वाळत घालतोय अशा नजरेनं बघत म्हणाले, "आत्ता? उन्हाळा येऊ द्या की." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

माझं मत असं की थंडी उगाच बदनाम झाली आहे. माणसं हवेचं तापमान बघतात, पत्र्याचं कोणी बघत नाही. त्या दिवशी हवा ९ अंश होती. गाडी सकाळी धुऊन, पुसून, तोंड उन्हाकडे करून दोन तास उभी ठेवली. डबी रात्रभर घरातच होती. दुपारी बॉनेटला लावलं, वीस मिनिटांत पांढुरकं झालं, बोट फिरवलं तर खाली लख्ख रेघ. फडका मारला, काम झालं. मग त्याच डबीतलं, त्याच स्पंजानं सावलीकडच्या दाराला लावलं. चाळीस मिनिटांनीही बोट चिकटून फरफटत होतं. हवा तीच, मेण तेच. फरक होता तो पत्र्यात: बॉनेटला हात लावला तर कोमट, दाराला लावला तर हात मागे यावा इतकं गार.

आणि "थंडीत मेण गोठतं" हे तर डोक्यातून काढाच. कार्नोबा मेण (एका ताडाच्या पानांवरचं, गाडीच्या वॅक्समध्ये घालतात ते) वितळतं ८२ ते ८६ अंशांना, मधमाश्यांचं ६२-६४ ला. म्हणजे ते भर उन्हाळ्यातही घट्टच असतं. डबीत ते मऊ लागतं ते त्यात घातलेल्या तेलांमुळे आणि उडून जाणाऱ्या द्रावकामुळे. थंडीत मंदावतं ते या द्रावकाचं उडणं. मग थर पातळ द्या आणि धीर धरा, एवढंच.

बोला आता.

---

फडकेबुवा

असहमत, आणि अनुभवाने असहमत.

मागच्या थंडीत तुमच्यासारखाच उत्साह आला होता. गाडी काळी, वेळ संध्याकाळची. पूर्ण गाडीला एका दमात लावून टाकलं, कारण डबीवर "सुकू द्या, मग पुसा" असं लिहिलेलं. सुकेचना. अंधार पडला. म्हटलं सकाळी पुसू. सकाळी गाडीवर दव, दवाखाली मेण, आणि मेणात पाण्याच्या थेंबांचे गोल गोल ठसे. फडका फिरवला की जागचं हलायचं नाही, नुसते फरांटे ओढले जायचे. बंपरच्या खालच्या काळ्या प्लास्टिकवर जे पांढरे डाग बसले ते दात घासायच्या जुन्या ब्रशनं तीन रविवार काढत होतो.

तुमची दुपार, तुमचं ऊन, तुमचे मोकळे दोन तास हे सगळं जुळून आलं म्हणून जमलं. सल्ला देताना जुळून न येणाऱ्यांचा विचार करावा. दहा अंशांच्या खाली पेस्ट वॅक्सला, म्हणजे या डबीतल्या घट्ट वॅक्सला, हात लावू नये, हा नियम लोकांनी हौसेनं नाही केलेला.

---

चमकधमक

बुवा, राग मानू नका, पण तुमच्या गोष्टीत थंडी एकटी गुन्हेगार नाही. संध्याकाळ, अख्खी गाडी एकदम, आणि जाड थर. हे तिन्ही उन्हाळ्यातही नडलं असतं.

---

फडकेबुवा

जाड थर होता हे तुम्हाला कुठून दिसलं?

---

चमकधमक

तीन रविवार.

---

रंगारी

😄

---

दवबिंदू

दोघंही तापमानावरून भांडताय आणि खरी मेख तिसरीकडेच आहे. फडकेबुवांच्या गाडीवर जे झालं ते दवाचं काम. पत्रा दवबिंदूच्या खाली गेला की हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. हे पाणी दिसेलच असं नाही. आधी नुसता धूसरपणा येतो, आरशावर श्वास सोडल्यासारखा. त्यावर मेण चोळलं तर ते रंगाला धरतच नाही, पाण्यावर तरंगतं.

आकडेच हवे असतील तर बघा. हवा १२ अंश आणि आर्द्रता ६०% असेल तर दवबिंदू साडेचार अंशांच्या आसपास येतो, पत्र्याला भरपूर मोकळीक आहे. हवा ८ अंश आणि आर्द्रता ८५% असेल तर दवबिंदू साडेपाचच्या वर. पत्रा हवेपेक्षा जेमतेम अडीच अंश गार झाला की संपलं. आणि निरभ्र संध्याकाळी उघड्यावरचा टप तेवढा गार सहज होतो, कारण तो वर आकाशाकडे उष्णता फेकत असतो. म्हणून गाडीवर दव आधी टपावर आणि बॉनेटवर दिसतं, दारांवर नंतर.

त्यामुळे "१० अंशांच्या खाली नको" हा नियम मला अर्धवट वाटतो. ६ अंश पण कोरडी, उन्हाची दुपार चालेल. १३ अंश पण कुंद, धुक्याची सकाळ अजिबात नको.

---

आळशी_चालक

मला एक कळत नाही. स्प्रे सीलंट नावाची वस्तू (फवारून लावायचं सिंथेटिक कवच) असताना ही तपश्चर्या कशाला? धुवा, फवारा, पुसा, वीस मिनिटांत अख्खी गाडी. काही तर ओल्या गाडीवरच मारायचे असतात, म्हणजे दवबिंदूताईंची काळजीही मिटली. तुम्ही एका दाराजवळ चाळीस मिनिटं बोट लावून बसलात तेवढ्यात माझं घरी येऊन हातपाय शेकून झालं असतं.

---

चमकधमक

आळशी भाऊ, तुमचं नाव सार्थ आहे :) स्प्रे वाईट नाही, मीही मधल्या काळात वापरतो. पण सिंथेटिक सीलंटची गोष्ट मेणापेक्षा वेगळी. मेणाचा द्रावक उडाला की बहुतेक काम संपलं, तिथे पुढे काही रासायनिक जोडणी व्हायची नसते. बरीचशी सीलंट मात्र लावल्यावर काही तास रंगावर बसत, घट्ट होत राहतात, आणि गारठ्यात ते घट्ट होणंही रेंगाळतं. म्हणजे थंडीत कशाचा जास्त भरवसा धरायचा म्हटलं तर मी मेणाचाच धरीन. ते निदान बोट लावून सांगतं तरी, की मी तयार आहे की नाही. स्प्रेचं कळणार कसं?

---

फडकेबुवा

हा मुद्दा मान्य. (नोंद घ्या, एकच.)

पण डबीवरच्या सूचनेचं काय? माझ्या डबीवर स्पष्ट छापलंय, "थंड पृष्ठभागावर, सावलीत लावा." तुम्ही गाडी उन्हात तापवून लावता, म्हणजे सूचनेच्या बरोबर उलट.

---

रंगारी

बुवा, त्या "थंड"चा अर्थ "उन्हात भाजून निघालेला नको" असा. उन्हाळ्यात काळ्या बॉनेटवर हात टेकवत नाही. तिथे मेण लावलं तर द्रावक क्षणात उडतो आणि मेण जागच्या जागी वाळून बसतं, मग निघता निघत नाही. सूचना त्यासाठी आहे. गारठलेला पत्रा म्हणजे थंड पत्रा असं कोणी लिहिलं नाही. हाताला ना गार ना गरम लागेल असा पत्रा पाहिजे, मग ऋतू कोणता का असेना. थंडीत ऊन घेऊन तिथवर आणा, मग गाडी वळवून सावलीत काम करा.

रंगाच्या कामातला माणूस म्हणून दोन गोष्टी सांगतो, मग तुमचं चालू द्या.

एक, इंजिन चालू ठेवून बॉनेट गरम करणारे मी पाहिलेत. तसं करू नका. मधोमध गरम, कडा गार. मध्ये वाळून चिकटतं आणि कडेला ओलंच राहतं. उन्हानं पत्रा सगळीकडून सारखा तापतो, इंजिनानं नाही.

दोन, नुकताच रंग मारलेला भाग असेल तर वॅक्सचा विषयच काढू नका. ताज्या रंगातला द्रावक बाहेर पडायला वेळ लागतो, थंडीत जास्तच. रंगवणाऱ्यानं सांगितलेली मुदत पाळा. महिना ते तीन महिने असं काहीही सांगतील, त्यांना त्यांचा रंग माहीत असतो.

---

नवी_चावी

वाचतेय, छान चाललंय. एक बाळबोध प्रश्न. माझी गाडी बंद गॅरेजात असते, तिथे ऊन येत नाही. आत हीटर लावून गरम केलं तर? आणि डबी गॅसवर जराशी गरम केली तर मेण मऊ होईल ना?

---

दवबिंदू

ताई, डबी गॅसवर नाही! कोणत्याच आचेवर नाही. त्यातला द्रावक पेट घेणारा असतो. डबी घरात ठेवा, फार घट्ट वाटली तर झाकण बंद करून कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं. बस.

हीटरचंही तसंच. उघड्या ज्योतीचा हीटर आणि मेणाच्या द्रावकाची वाफ बंद जागेत एकत्र नकोत, शिवाय जळणाच्या धुराचा जिवाला धोका. वर त्यानं काम बिघडतंच. रॉकेल जळताना पाणी तयार होतं, एक लिटर रॉकेलामागे साधारण लिटरभर, आणि ते सगळं वाफ होऊन हवेत. गार गाडी त्या दमट हवेत उभी म्हणजे तुम्ही स्वतःच्या हातानं दव पाडताय. विजेचा, ज्योत नसलेला हीटर तास-दोन तास आधी लावून, दार थोडं उघडं ठेवून, मेणाची डबी उघडायच्या आधी बंद केलात तर चालेल.

---

नवी_चावी

बापरे. बरं झालं विचारलं. वीज तर वीज.

---

आळशी_चालक

किंवा स्प्रे.

---

फडकेबुवा

आता माझा मूळ आक्षेप राहिलाच. चमकधमक, तुम्ही जमतं हे सिद्ध केलंत. जमतं ते करावंच असं कुठे आहे? थंडीत गाडी धुवायची म्हणजे आरशाच्या फटीतून, दाराच्या रबरातून, नंबर प्लेटच्या मागून तासभर पाणी ओघळत राहतं. तुम्ही पॅनल पुसून मेण लावता आणि वरून एक थेंब रेघ ओढत खाली येतो. बोटं बधिर झालेली, त्यामुळे स्पंज किती दाबला जातोय ते कळत नाही. मेण काढताना फडका अडकतो म्हणून माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की ओरखडे. क्लियरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) असतो केसाहूनही पातळ, ४०-५० मायक्रॉन. चकाकीच्या नादात तोच घासायचा? थंडी सुरू व्हायच्या आधी एक चांगला हात द्यावा आणि मोसम निभावून न्यावा.

---

रंगारी

यात तथ्य आहे. फडका अडकला की जोर लावायचा नाही. त्याच जागी बोटभर ताजं मेण फिरवायचं, त्यातला द्रावक खालचं वाळलेलं सोडवतो, आणि लगेच पुसायचं. तुमच्या त्या तीन रविवारांनाही हाच उपाय होता. पत्र्यावर तरी. प्लास्टिकला ब्रशच.

---

फडकेबुवा

हे मागच्या थंडीत कुठे होतात तुम्ही!

---

चमकधमक

बुवा, थंडीच्या आधी हात द्यावा हे शंभर टक्के मान्य. मीही देतो. पण ज्यांचा राहून गेला त्यांनी काय करायचं? जिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तर गाडीला कवच नेमकं आत्ता हवं असतं. दगडानं उडालेल्या टवक्यातून गंज शिरतो तो मेणानं थांबत नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण मिठाचा चिखल साध्या पाण्यानं सुटून येतो की घासावा लागतो, यात मेणानं फरक पडतो. आणि जितकं कमी घासाल तितका तुमचा तो केसाहून पातळ क्लियरकोट वाचेल. म्हणजे तुमच्याच मुद्द्यानं मी वॅक्स लावतोय.

माझं म्हणणं थोडं बदलतो. पत्रा हाताला गार लागतोय तोवर नाही. ऊन कलल्यावर नाही. एका वेळी एकच पॅनल, ते पुसून झाल्याशिवाय पुढचं नाही. आणि आरशाच्या फटीत फडक्याचं टोक खोचून ठेवा, तो थेंब तिथेच अडतो.

---

फडकेबुवा

एवढ्या अटी घातल्यावर उरलं काय? अख्ख्या थंडीत चार दुपारी.

---

चमकधमक

मला एक पुरते.

---

आळशी_चालक

वाद मिटवू. बुवा, तुमची गाडी काळी, तिच्यावर सगळं दिसतं. बॉनेटच्या मधोमध टेप लावा. डावीकडे चमकधमकांच्या अटी पाळून वॅक्स, उजवीकडे माझा स्प्रे. दीड महिन्यानं पाणी मारून बघू, कुठे थेंब उभे राहतात (म्हणजे कवच टिकलंय) आणि कुठे पाणी पसरतं.

---

फडकेबुवा

चालेल. रविवारी ऊन असलं तर करतो. टेप कोणता? माझ्याकडे पार्सलचा तपकिरी आहे.

---

रंगारी

तो नको! कागदी मास्किंग टेप आणा, आणि काम झालं की लगेच काढा. नाहीतर मधोमध डिंकाची रेघ, आणि पुढचे तीन रविवार पुन्हा बुक.