घरातली साठवण : काय पुरले, काय पडून राहिले?

वाणसामानाच्या आदर्श याद्या पुष्कळ मिळतात. त्या वाचून भरलेल्या डब्यांचे वर्षभराने काय झाले, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. म्हणून येथे याद्या नकोत. आपल्या घरात कोणता जिन्नस खरोखर अनेक पदार्थांना पुरा पडला, कोणता तळाशी पडून राहिला आणि त्यामुळे साठवणीची पद्धत कशी बदलली, एवढेच कृपया लिहावे.

सुरुवात मी करते. वेगळे बिऱ्हाड केले तेव्हा मी नऊ प्रकारच्या डाळी आणि कडधान्ये एकाच दिवशी आणून हारीने लावली. दोन वर्षांनी त्यांतले चार डबे जवळपास भरलेलेच होते. त्यांतला राजमा रात्रभर भिजवून पुन्हापुन्हा शिजवला, तरी दाणे गणंगच राहिले. उष्ण आणि दमट जागी फार दिवस राहिलेली कडधान्ये कितीही शिजवली तरी नीट मऊ होत नाहीत, हे तेव्हा कळले. भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्याने थोडा फरक पडतो, पण चव आणि पोत पूर्वीसारखे राहत नाहीत. आता कोणताही नवा जिन्नस घेण्यापूर्वी मी स्वतःला विचारते की, गेल्या महिन्याभरात केलेल्या कोणत्या तीन पदार्थांत तो चालला असता. तीन नावे आठवली नाहीत, तर सर्वांत लहान पुडी घेते. जिन्नस बहुपयोगी आहे की नाही, हे त्याच्यापेक्षा आपल्या स्वयंपाकाच्या सवयींवरच अधिक अवलंबून असते, असे माझे मत झाले आहे.

*

वरील राजम्याच्या अनुभवाला एक पुरवणी जोडतो. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळल्यावरच तो निर्धोक होतो. मंद आचेवर दिवसभर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात मी तो तसाच घातला होता आणि त्या रात्री आम्ही तिघेही उलट्यांनी हैराण झालो.

*

मी एकटा राहतो आणि माझी सगळी साठवण एका फळीवर मावते : तांदूळ, मसूर, कणीक, तेल, कांदे, बटाटे आणि टोमॅटोचे डबे. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो, हे ध्यानात आल्यापासून मोठी पोती आणणे मी थांबवले. टोमॅटोचा डबा मात्र एका माणसाला मोठाच पडतो. उरलेला रस बर्फाच्या साच्यात गोठवून त्याच्या वड्या ठेवतो. सार, भाजी, कशातही दोन वड्या टाकल्या की काम भागते. डबा फुगलेला दिसला तर न उघडता, चाखून पाहण्याच्या मोहात न पडता तो टाकून देतो.

*

आमच्याकडे प्रश्न किड्यांचा होता. मी दर वेळी डब्याला दोष देत असे. प्रत्यक्षात किड्यांची अंडी बहुधा धान्याबरोबरच घरात येतात आणि घट्ट झाकणामुळे ती फक्त शेजारच्या डब्यात जाण्याची थांबतात. तमालपत्रे ठेवून पाहिली, पण सोंड्यांनी त्यांना दाद दिली नाही. उपयोग झाला तो उणे १८ अंशांच्या कप्प्याचा. नवे पीठ किंवा तांदूळ आधी तेथे चार दिवस ठेवते, मग पिशवी न उघडता बाहेरच्या तापमानाला येऊ देते, नाहीतर आत दव धरून पीठाच्या गुठळ्या होतात.

दुसरी चूक हातसडीच्या तांदळाची. पांढऱ्या तांदळासारखाच तो वर्षानुवर्षे टिकेल असे मी धरून चालले होते, पण त्याच्या कोंड्यात तेल असते आणि सहा-सात महिन्यांतच त्याला खवट वास आला. कोंड्यासकटच्या पीठाचेही तेच होते. हे दोन्ही जिन्नस आता थोडेच आणते आणि फ्रिजमध्ये ठेवते.

*

निवृत्तीनंतर स्वयंपाकघर माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी मसाले आणि तेलाच्या बाटल्या शेगडीवरच्या फळीवरून हलवल्या, कारण उष्णता दोघांनाही मारक. प्रत्येक बरणीवर आणल्याची तारीख लिहितो आणि जुने पुढे, नवे मागे लावतो. घरचे याला कचेरी म्हणतात! बेकिंग पावडरीवरची तारीख उलटली तरी चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहतो. भरभरून फेस आला तर ती चालते.

*

मुले बाहेर पडल्यावर आम्ही दोघेच उरलो, तरी माझा हात सहा माणसांचेच सामान आणत राहिला. शेवटी मोठे डबे माळ्यावर टाकले, कारण डबा मोठा असला की तो भरावासा वाटतोच. आता मसूर संपली की मगच चणे येतात. मिठाचा डबा मात्र अजून पूर्वीचाच आहे. मीठ काही नासत नाही, त्यामुळे तळाचे मीठ किती वर्षांचे असेल, ते मलाही सांगता येणार नाही.