आधी सी की पायथन?

वेबसाइट करायचीय, तर प्रोग्रॅमिंगची कोणती भाषा आधी शिकू, सी की पायथन, असं धागाकर्त्याने विचारलंय. त्यावर वर दोघातिघांनी 'पाया पक्का हवा तर आधी सी' असं लिहिलंय. मी त्याच वाटेने आलो, म्हणून थोडं वेगळं मत. आमच्या कॉलेजात टर्बो सी++ ची (सी लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर) ती निळी स्क्रीन. स्कॅनएफमध्ये (कीबोर्डवरून आकडा घ्यायची सीची आज्ञा) अँपरसँड (&, आकडा मेमरीत कुठे ठेवायचा ते सांगणारं चिन्ह) विसरला की प्रोग्रॅम मुकाट कंपाइल व्हायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदलला जायचा, आणि चालवल्यावर भलतेच आकडे! पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांचं प्रकरण, अजून शिकवलेच नव्हते, त्यामुळे ते चिन्ह का, तर 'लावायचं म्हणजे लावायचं'.

गेल्या दिवाळीत भाचीला पायथन दाखवलं. पहिल्याच संध्याकाळी तिने दुधाच्या रतिबाचा हिशोब लिहिला, जेमतेम दहा ओळी. अडली एकाच जागी: इनपुट या आज्ञेने घेतलेला आकडा स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतो, त्यामुळे रोजच्या २ लिटरला ३० ने गुणल्यावर ६० ऐवजी ओळीने तीस दोन छापून आले. हसून पुरेवाट झाली, पण डेटा टाइप (आकडा की मजकूर, हा माहितीचा प्रकार) म्हणजे काय ते तिला परत सांगावं लागलं नाही.

सी टाकाऊ नाही हं, मायक्रोकंट्रोलरच्या (उपकरणांतल्या छोट्या संगणक-चिपच्या) नादाला लागलात तर लागेलच. पण धागाकर्त्याला वेबसाइट करायचीय ना? मग सरळ जावास्क्रिप्ट, ब्राउझरमध्येच चालणारी भाषा. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, कन्सोल (कोड लिहून लगेच चालवायची जागा) उघडा, आजच सुरू. काही इन्स्टॉलसुद्धा करायला नको.