मदत हवी आहे: आईचे ध्यानाचे सर खरंच सहायक आचार्य आहेत का, कसं तपासू?

नमस्कार मंडळी. विपश्यना ध्यानाची शिबिरं केलेल्यांनी, त्यातही केंद्रावर सेवा दिलेल्यांनी कृपया वाचा.

बाबा गेल्यापासून आईची झोपच उडाली होती. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंबरोबर ती गावातल्या एका सरांकडे ध्यानाला जायला लागली. फरक पडला, हे आधी सांगते. पहाटे पाचला उठून बाबांच्या सतरंजीवर तासभर बसते, नीट जेवते, फोनवर पूर्वीसारखी बोलते. म्हणूनच मला घाईघाईने काही तोडून टाकायचं नाहीये.

दिवाळीत घरी गेले तेव्हा एक दिवस तिच्याबरोबर मीही बसले. सर सांगतात, ते इगतपुरीच्या विपश्यना परंपरेतले सहायक आचार्य आहेत, म्हणजे शिबिर घ्यायची परवानगी मिळालेले शिक्षक. मी स्वतः धम्मगिरीवर, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यना केंद्रावर, दहा दिवसांची दोन शिबिरं केली आहेत. तिथे राहण्या-जेवणाचेही पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण झाल्यावर वाटलं तर दान द्यायचं. आचार्यांना मानधन नसतं. इथे आईने चार दिवसांच्या 'प्रगत वर्गा'चे ११,००० रुपये पेन्शनमधून भरलेत. तिथे पहिले तीन दिवस फक्त आनापान, नुसता श्वास बघायचा, मंत्र नाही की कसली कल्पना नाही. इथे पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या कानात मंत्र दिला. आईचा मंत्र कोणता, ते तिने मलाही सांगितलं नाही.

मंत्र वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. माझी आजी माळकरी होती, नामस्मरणाने माणूस कसा सावरतो ते मी घरातच पाहिलंय. पण मग जे शिकवता त्याला विपश्यना का म्हणायचं?

सगळ्यात खटकलं ते वेगळंच. सर म्हणाले, "गोयंका गुरुजींनी २०१५ साली मला समोर बसवून शिकवायची परवानगी दिली." ही शिबिरं भारतात सुरू करणारे गोयंका गुरुजी तर २९ सप्टेंबर २०१३ ला गेले. चहाच्या वेळी मी भिंतीवरचं सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र जवळून पाहिलं. त्यावरही २०१५च. बोलताना साल चुकू शकतं, पण छापतानाही? खालची सही लागत नाही आणि केंद्राचं नाव कुठेच नाही.

आईला हळूच विचारलं तर म्हणाली, "मला झोप लागते ना? मग कागद कशाला बघत बसतेस?" यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाहीये.

केंद्राला नाव कळवून विचारलं, तर अमुक माणूस सहायक आचार्य आहे की नाही हे ते सांगतात का? कुणी विचारलंय का असं? आणि आईचं बसणं न मोडता तिला हे कसं सांगावं? तिला इगतपुरीला शिबिराला घेऊन जावं असं डोक्यात आहे, पण ६८ व्या वर्षी दहा दिवस मौन आणि जमिनीवरची बैठक तिला झेपेल का? या वयात शिबिर केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.

येत्या रविवारी ती पुढच्या वर्गाचे ३५,००० भरणार आहे. त्याआधी काही कळलं तर फार बरं होईल.