लोकलमध्ये पाय ठेवला की जीव घाबरा होतो, मराठीत बोलणारा थेरपिस्ट कसा शोधू?

गिरगावची_मुलगी:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ३३, नोकरी परळला. गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. त्यानंतर चार महिन्यांत आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि मी आणि आई डोंबिवलीला भाड्याने आलो, बिल्डर जे भाडं देतो त्यात इथेच बसतं. चर्नी रोडहून पंधरा-वीस मिनिटांत ऑफिस गाठणारी मी, आता जाऊन-येऊन तीन तास.

जूनमध्ये सकाळच्या गाडीत लेडीज डब्यात उभी होते, दिवा आणि मुंब्र्याच्या मधे दारातली एक मुलगी पडली. मला तिचा चेहरा आठवत नाही, दांडीवरून सुटलेला हात फक्त आठवतो. सगळा डबा ओरडत होता. मी ऑफिसला गेले, काम केलं, रात्री जेवले पण. पाच दिवसांनी कळव्याच्या आधी छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास अर्ध्यावर अडकतोय असं वाटून ठाण्याला उतरले. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. आता प्लॅटफॉर्मवर अनाऊन्समेंट ऐकली तरी पोटात गोळा येतो. तीन आठवडे घरून काम करतेय, ते महिनाअखेरीला संपणार.

एका ठिकाणी गेले होते. पंधरा मिनिटं ऐकून त्यांनी लग्नाचं काय ठरलंय विचारलं, सकारात्मक विचारांचा छापील कागद दिला आणि १८०० रुपये घेतले. रिक्षात रडत घरी आले. मुळात माझ्यावर तर काही घडलेलंच नाही, घडलं त्या मुलीवर, मग मी का एवढं करतेय असंही वाटतं. इंग्रजी मला नीट येतं, दिवसभर तेच बोलते, पण बाबांबद्दल इंग्रजीत बोलायला गेलं की घशातून आवाजच निघत नाही. चांगला माणूस ओळखायचा कसा? गोळ्या घ्याव्याच लागतात का?

तिसरी_खिडकी:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, इथे पेशंट शोधत नाही म्हणून नाव सांगत नाही. आधी तुमचं ते "माझ्यावर तर काही घडलेलंच नाही". डोळ्यांसमोर असा अपघात पाहणं हे ट्रॉमाच्या निदानाच्या निकषांत स्पष्ट लिहिलेलं आहे, स्वतःला खरचटलेलं असायलाच हवं असं नाही. महिन्याहून जास्त काळ त्याच त्या आठवणी, झोप नाही, ती जागा टाळणं असं चाललं असेल तर तपासून घ्यायलाच हवं. निदान मी इथे बसून करणार नाही.

आता माणूस कसा ओळखायचा. थेरपिस्ट, काउन्सेलर ही पाटी आपल्याकडे सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलेही लावतात. सायकॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (पदविका) केलेला डॉक्टर, या सगळ्यांत गोळ्या तोच लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे गोळ्या न देता थेरपी करणाऱ्याची, नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, तो नंबर मागा आणि त्यांच्या वेबसाइटवर नाव टाकून बघा, यात अपमान वाटून घेणाऱ्याकडे जाऊच नका. काउन्सेलिंगमध्ये एमए केलेले कितीतरी जण फार चांगलं काम करतात, त्यांची अशी नोंद नसते, त्यांना विचारायचं की शिकलात कुठे आणि तुमचं सुपरव्हिजन कोण करतं, म्हणजे तुमच्या कामावर कोणा अनुभवी माणसाची नजर असते.

आणि फोनवरच विचारा, अपघात पाहिलेल्या माणसांबरोबर तुम्ही काम केलंय का, कसं करता? ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी), ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आठवणीवर काम करणारी) असं काही नाव घेऊन दोन वाक्यांत समजावून सांगता आलं तर पुढे जा. "आपण बोलू, सगळं ठीक होईल" एवढंच उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. पहिल्याच दिवशी कोणी तुम्हाला तो प्रसंग सगळा सांगायला लावत असेल तर थांबायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

फास्ट_स्लो:
केईएमला जा ना, तुमच्या ऑफिसच्या बाजूलाच. सकाळची सायकॅट्रीची ओपीडी असते, केस पेपर दहा-वीस रुपयांत. सायन, नायर, कूपरलाही आहे. रांग मोठी असते, डॉक्टर दर वेळी तोच मिळेल असं नाही, पण माझ्या भावाचं निदान तिथेच पहिल्यांदा नीट झालं, त्याआधी आम्ही खासगीत दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खात होतो.

कलिना_२००५:
ताई, तुमचा "तीन आठवडे घरून काम" हा भाग वाचून लिहायला बसलोय.

२६ जुलै २००५ ला मी २८ वर्षांचा होतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला ते सगळ्यांना माहीत आहे. मी साकीनाक्याहून चालत निघालो आणि कलिन्याजवळ छातीभर पाण्यात एका अनोळखी माणसाचा हात धरून चाललो होतो. तो हात सुटला. पुढचं मला आजही लिहायचं नाही. घरी पोचलो, दोन दिवसांनी ऑफिस सुरू, सगळे म्हणाले वाचलास, नशीब. मीही तसंच म्हणत राहिलो. मग काय व्हायला लागलं, की पाऊस जोरात आला की मी दुपारीच घरी निघायचो. हवामान खात्याचा इशारा आला की सुट्टी. बायकोला वाटायचं मी काळजी घेणारा माणूस आहे. दर वेळी टाळलं की तेवढ्यापुरतं फार बरं वाटायचं आणि पुढच्या वेळी भीती थोडी मोठी झालेली असायची, हे मला बारा वर्षं कळलं नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा मुंबई तुंबली तेव्हा मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये जमिनीवर बसलो होतो, उठताच येईना. त्यानंतर गेलो एकदाचा.

ज्या बाईंकडे गेलो त्यांनी पहिली चार-पाच सेशन त्या रात्रीचा विषयच काढला नाही. झोप कशी, श्वास कसा सोडायचा, घाबरलो की आजूबाजूच्या पाच वस्तू बघून त्यांची नावं घ्यायची, पॅनिक वर चढतं तसं दहा-पंधरा मिनिटांत उतरायलाही लागतं हे घड्याळ लावून बघायचं. मग तुकड्यातुकड्याने ती रात्र. मी "पाण्याचा फोर्स" म्हणत होतो, त्या म्हणाल्या तुम्ही घरी काय म्हणाल? मी म्हणालो "लोंढा". आणि रडायलाच लागलो. म्हणून सांगतो, भाषेचा तुमचा हट्ट अजिबात सोडू नका. शेवटी रिमझिम पावसात कलिन्याला जाऊन उभं राहायचं, आधी बरोबर कोणीतरी, मग एकटा. एकूण १९ सेशन झाली, सात महिने. पाऊस अजूनही आवडत नाही, पण जुलैत कामावर जातो.

सकाळचा_वारा:
वडील जाऊन वर्षही झालं नाही, घर सुटलं, मन हळवं होणारच. रोज अर्धा तास प्राणायाम करा, आईबरोबर संध्याकाळी देवळात जा. माझ्या आईला त्याचाच आधार झाला. लगेच डॉक्टर आणि गोळ्या कशाला, थोडा वेळ द्यावा असं मनापासून वाटतं.

कलिना_२००५:
वेळ मी दिला होता हो, बारा वर्षं. प्राणायाम जरूर करावा, मीही करतो, पण थेरपीच्या जागी नाही.

तिसरी_खिडकी:
वडिलांचं दुःख आणि ट्रेनची भीती, दोन्ही एकाच बाईच्या मनात असली तरी त्यांना एकच औषध नाही. दुःखाला खरंच वेळ लागतो, त्याला आजार म्हणायची घाई नको. टाळण्याने वाढत जाणाऱ्या भीतीला मात्र नुसता वेळ दिला तर ती मुरते.

गोळ्यांचं: प्रत्येकाला लागत नाहीत. झोप पार उडाली असेल, सेशनमध्ये बसताच येत नसेल तर सायकॅट्रिस्ट सहसा एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्य आणि चिंतेवर दिली जाणारी, गोळी देतात. तिचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्यात फरक नाही म्हणून फेकू नका, आणि नंतर स्वतःच्या मनाने अचानक बंदही करू नका. झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते, त्या किती दिवस घ्यायच्या हे पहिल्याच भेटीत विचारा.

सुरुवात ऑनलाइन सेशनने करायला हरकत नाही, पण त्यांना स्पष्ट सांगा की ट्रेनच टाळायची म्हणून मी ऑनलाइन मागतेय, म्हणजे पुढे ते तुम्हाला हळूहळू स्टेशनपर्यंत नेतील. ठाण्यात आयपीएच आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था, तिथे मराठीत बोलणं हा प्रश्नच येत नाही. टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आयकॉल ही समुपदेशनाची हेल्पलाइन आहे. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत. आणि एक सरळच विचारते, जगणं नकोसं वाटतंय का कधी? तसं असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आईला आत्ता उठवा आणि १४४१६ वर फोन लावा.

परळ_एचआर:
पैशाचं थोडं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे इन्शुरन्स कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच कव्हर करावा लागतो, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, तुमच्यात ओपीडी आहे का ते वाचा. बऱ्याच कंपन्यांत काही सेशन फुकट असतात आणि कोणी गेलं तर एचआरला नाव कळत नाही, नुसता आकडा येतो. आमच्याकडे तरी असंच आहे, तरी लोक घाबरून वापरत नाहीत, फार वाईट वाटतं. खासगीत आमच्या लोकांना एका सेशनचे १००० ते २५०० सांगतात, पन्नास मिनिटांचे. कमी होतील का विचारायला लाजू नका, बरेच जण पगार बघून फी कमी करतात. आणि डॉक्टरांचं पत्र आणा, घरून कामाची मुदत वाढवून मिळू शकते, नुसती मागितली तर आमच्याकडे तरी नाही मिळत.

गिरगावची_मुलगी:
सगळ्यांचे आभार. तिसरी खिडकी, नाही, तसं वाटत नाही. तुम्ही सरळ विचारलंत ते बरं वाटलं, घरात कोणी विचारत नाही.

चार ठिकाणी फोन केले. दोघांनी नोंदणीचा नंबर विचारल्यावर परत फोन करतो म्हटलं आणि केला नाही. एक फक्त इंग्रजीत. चौथ्या बाईंनी ट्रेनचं ऐकून पहिला प्रश्न विचारला की रात्री झोपता का, आणि म्हणाल्या त्या दिवसाचं आपण घाईने काढणार नाही आहोत. शनिवारी ११ ची वेळ दिलीय, ठाण्यात, १२०० रुपये.

आईला काल सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल काय वेडबिड लागलंय का. ती भांडी घासत होती, तशीच पाठमोरी म्हणाली, मी येते बरोबर, बाहेर बसेन. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, त्यांना बाबांचंही सांगशील ना.

या शनिवारी ट्रेनने नाही जमणार, ते बाईंना सांगितलंय. डोंबिवली पूर्वेहून ठाण्याला सकाळी बसने जायचं तर किती वेळ धरावा, कोणी रोज जात असेल तर सांगा.