संशोधन निधीवरून वैद्यकीय महाविद्यालयांचा शैक्षणिक दर्जा ठरवता येतो का?

जिज्ञासू: अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांची क्रमवारी लावताना नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजेच एनआयएच या सरकारी संस्थेकडून मिळालेला निधी हा मोठा निकष मानला जातो. हा पैसा त्या-त्या विषयातील शास्त्रज्ञांच्या समितीने प्रस्ताव तपासल्यावरच मिळतो आणि त्याचे आकडे कोणालाही पाहता येतात. त्यामुळे ऐकीव लौकिकापेक्षा हा निकष अधिक विश्वासार्ह नाही का?

अभ्यासक: लौकिकापेक्षा विश्वासार्ह आहे, हे मान्य, पण आकडा कोणाच्या खात्यावर पडतो ते आधी पाहावे लागते. हार्वर्डशी संलग्न असलेली मॅसॅच्युसेट्स जनरल आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स ही रुग्णालये एनआयएचचे अनुदान स्वतःच्या नावाने घेतात. एनआयएचच्या निधीनुसार महाविद्यालयांची क्रमवारी लावणाऱ्या ब्लू रिज इन्स्टिट्यूटच्या यादीत ही रक्कम महाविद्यालयाच्या नावावर धरली जात नाही. याउलट, जिथे रुग्णालय आणि महाविद्यालय एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली असतात, तिथे सगळी बेरीज एकत्र दिसते. शिवाय या रकमेत इमारती, वीज, प्रशासन यांसाठीचा अप्रत्यक्ष खर्चही असतो आणि त्याचा दर संस्थागणिक वेगळा असतो.

जिज्ञासू: मग एकूण रकमेला प्राध्यापकांच्या संख्येने भागले तर?

अभ्यासक: त्यानेही प्रश्न सुटत नाही. केवळ रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टरांना एखाद्या संस्थेने प्राध्यापकांत मोजले, तर तिथले संशोधन तसूभरही कमी न होता सरासरी घसरते.

अध्यापक: मला याहून गंभीर वाटणारा मुद्दा असा की, या आकड्यात अध्यापन कुठेच येत नाही. खाटेशेजारी उभे राहून विद्यार्थ्याला हृदयाचे ठोके ऐकायला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या वेळेसाठी संशोधन अनुदान मिळत नसते. २०१० साली अमेरिकी डॉक्टर व संशोधक फिट्झह्यू मुलन आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक महाविद्यालयाच्या पदवीधरांपैकी किती जण प्राथमिक आरोग्यसेवेत गेले, किती जण डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागांत गेले आणि वंचित अल्पसंख्याक समाजांतील किती जण त्यांत होते, हे तपासले आणि त्यावरून महाविद्यालयांना गुण देऊन यादी केली. त्या यादीत मोरहाउस, मेहॅरी आणि हॉवर्ड ही महाविद्यालये सर्वांत वर होती, आणि एनआयएचचा निधी जितका अधिक, तितके हे गुण सर्वसाधारणपणे कमी होते. ज्याला ग्रामीण भागात डॉक्टर व्हायचे आहे, त्याला केवळ निधीची यादी दाखवणे मला अन्यायाचे वाटते.

अभ्यासक: सहमत आहे. संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र हा आकडा जरूर पाहावा, पण एकूण बेरजेऐवजी आपल्या विषयाच्या विभागाला मिळालेला निधी आणि तो किती वेगवेगळ्या संशोधकांकडे आहे, हे पाहावे.