मदत हवी आहे: गावाकडे जनावरांची प्रॅक्टिस सुरू करतेय

नमस्कार. पशुवैद्यकीय पदवी आणि नोंदणी झाली आहे. सांगोला तालुक्यात स्वतःची प्रॅक्टिस सुरू करणार आहे. ग्रुपवरच्या अनुभवी डॉक्टरांचा सल्ला हवा आहे.

कामाची ओढ मनापासून आहे. दुग्धज्वराने (व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन) मान टाकून पडलेली गाय शिरेतून सावकाश कॅल्शियम दिल्यावर उठून उभी राहते, तेव्हा घरातल्यांचे चेहरे बघावेत! असं समाधान दुसऱ्या कामात मिळेल असं मला वाटत नाही.

पण मोठी काळजी ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरं गाभडवणाऱ्या संसर्गजन्य आजाराची आहे. गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) गाईची वार (झार) काढताना हा आजार माणसालाही होऊ शकतो, तरी बरेच जण उघड्या हातानेच काम करतात. गोठ्यात, रात्री, एकटं असताना खांद्यापर्यंतचे हातमोजे, गॉगल आणि मास्क हे सगळं कसं सांभाळता? स्वतःची रक्ततपासणी किती दिवसांनी करता? चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या आजाराची लस टोचून घ्यायला पशुपालकांना कसं पटवता? लस टोचताना चुकून सुई आपल्यालाच लागली तर लगेच काय करता?

दुसरं, उधारी. दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो, तोवर औषधांचे पैसे कुठून घालता? फी आधी सांगता की उपचारानंतर? आणि रात्रीच्या कॉलला सोबत कोणाला नेता, विशेषतः महिला डॉक्टरांनी सांगावं.